दहावीचे इंग्रजी: पाठ केलेले निबंध आणि बाकीचे प्रश्न

सहामाहीचे पेपर वाटून झाले की माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात. नाशिकच्या गंगापूर रोडवरून येवोत की दिंडोरीहून, गोंधळ एकच. त्यातले काही इथे घेते.

प्रश्न: ‘युनिव्हर्सिटी’चे स्पेलिंग स्वराने सुरू होते. मग आधी ‘ॲन’ का नाही? (विद्यार्थिनी, पंचवटी)

अक्षर बघू नका, उच्चार ऐका. अ युनिव्हर्सिटी, पण ॲन अवर आणि ॲन एमएलए.

प्रश्न: ‘शी स्लेप्ट’ या वाक्याचे पॅसिव्ह कसे करायचे? (पालक, सिडको)

होत नाही. क्रियापद अकर्मक आहे. वाक्य वहीत उतरवताना चूक झाली असेल, तेव्हा मुलीला वही घेऊन तिच्या शिक्षकांकडे पाठवा.

प्रश्न: ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसले की सिमिली लिहायचे, असे क्लासमध्ये सांगितले होते. तसेच लिहिले आणि मार्क गेले. (विद्यार्थी, इंदिरानगर)

असल्या युक्त्यांनी मार्क जाणारच. ‘ही वर्क्स ॲज अ ड्रायव्हर’ या वाक्यात उपमा कुठे आहे? तो माणूस खरोखरच ड्रायव्हर आहे. उपमेला दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि त्यांच्यातला सारखेपणा लागतो. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास हे तुम्ही मराठीत शिकलेला आहात. सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, अलिटरेशन हे त्यांचेच इंग्रजी भाऊबंद. अलिटरेशनमध्ये मात्र कान उघडे ठेवा: ‘सिटी’ आणि ‘कॅट’ यांचे पहिले अक्षर एकच, पण आवाज जुळत नाही; ‘सिटी’ आणि ‘सन’ यांचा जुळतो.

अलंकाराचे नाव लिहून थांबू नका. त्याने काय साधले तेही एका वाक्यात सांगा. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्री नेहरू म्हणाले, ‘व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक’. झोपणे आणि जागे होणे समोरासमोर ठेवल्यामुळे त्या जागे होण्याला वजन आले. ही अँटिथेसिस. उत्तराला किती मार्क आहेत आणि किती ओळी लिहायच्या, ते आपल्या विषयशिक्षकांना विचारा.

प्रश्न: एका क्लासकडून २५ ‘हमखास’ निबंधांची पीडीएफ विकत घेतली. मुलाने सगळे पाठ केले तर पुरे ना? (पालक, दिंडोरी तालुका)

पुरे नाही. उलट त्याने नुकसान होते. ‘हमखास’ हा शब्द विकणाऱ्याचा आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांशी त्याचा काही संबंध नसतो. पेपर तपासताना एकाच वर्गातल्या मुलांची पहिली तीन वाक्ये एकसारखी आली, तर ती कुठून आली हे सांगावे लागत नाही. शिवाय विषय जरा बदलला की मूल गडबडते. ‘माझे गाव’ विचारले असताना पाठ केलेला ‘आदर्श खेडे’ उतरवलेला मी कितीतरी वेळा वाचला आहे.

तुमच्याच तालुक्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. द्राक्षांवर निबंध लिहायला सांगितला, तर त्याने लिहिले की द्राक्ष हे अतिशय उपयुक्त फळ असून त्यात जीवनसत्त्वे असतात. घरचीच बाग होती त्याची! मी वही मिटली आणि म्हटले, आता मराठीत सांग. तो बोलत सुटला. ऑक्टोबरची छाटणी, घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या) द्रावणात बुडवणे, मग अवकाळी पाऊस, तडकलेले मणी, रात्रभर बागेत फिरणारे वडील. म्हटले, हेच इंग्रजीत लिही, चुका होऊ देत. त्याने लिहिले: ‘रेन केम इन नाइट. माय फादर नॉट स्लेप्ट.’ दुरुस्ती दोन मिनिटांची होती. ‘इन नाइट’चे ‘ॲट नाइट’ केले. ‘नॉट स्लेप्ट’चे ‘डिड नॉट स्लीप’ केले, कारण ‘डिड’ आले की क्रियापद मूळ रूपात जाते. हा नियम तो पुन्हा विसरला नाही, कारण वाक्य त्याचे स्वतःचे होते.

ॲरिस्टॉटलने पटवून देण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. इथोस, पॅथोस, लोगोस. त्या मुलाच्या दोन छोट्या वाक्यांत पहिले दोन्ही आहेत. पीडीएफमधल्या निबंधात एकही नसतो, कारण लिहिणाऱ्याने बाग पाहिलेलीच नसते.

म्हणून आठवड्याला एकच निबंध लिहा. आधी पाहिलेल्या पाच गोष्टी मराठीत टिपा, मग साधी इंग्रजी वाक्ये करा, व्याकरण शेवटी तपासा. वही शिक्षकांना दाखवा, आणि दुरुस्त झालेला निबंध पुन्हा लिहून काढा. हा शेवटचा टप्पा बहुतेक मुले गाळतात. पीडीएफ बाजूला ठेवा.

प्रश्न: मोबाइलमधले ॲप चुका दुरुस्त करून देते. वापरू का? (विद्यार्थिनी, नाशिकरोड)

आधी स्वतः तपासून घ्या, मग वापरा. ॲपने केलेला बदल का केला ते कळले नाही, तर शिक्षकांना विचारल्याशिवाय तो वहीत घेऊ नका.

प्रश्न: मुलगा हुशार आहे, तोंडी उत्तरे बरोबर देतो, पण लिहिताना अक्षरे उलटसुलट होतात. मराठीतही तेच. नातेवाईक म्हणतात, मोठा झाला की सुटेल. दहावीला आहे. (आई, सातपूर)

ताई, नातेवाइकांचे ऐकून आणखी एक महिना घालवू नका. आळशीपणाचा शिक्का मारू नका, आणि डिस्लेक्सियाचाही, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचाही, स्वतःच मारू नका. तपासणी तज्ज्ञांनीच करायची असते. अध्ययन अक्षमता निघाली, तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी शासनमान्य केंद्राचे प्रमाणपत्र लागते आणि अर्ज शाळेमार्फत जातो. तपासणीच्या तारखा मिळायला वेळ लागतो. मुलाच्या दोन्ही भाषांच्या वह्या घेऊन उद्याच मुख्याध्यापकांना भेटा.