दीनदयाळ कार्ड आहे, मग पॉलिसी कशाला भरू?

मडकईहून एका वाचकाने विचारलं आहे: "माझं वय ४६, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत नोकरी. पत्नी खासगी शाळेत शिकवते, मुलगा बारावीत, मुलगी सातवीत. आम्हा चौघांची दहा लाखांची पॉलिसी सात वर्षं चालू आहे, हप्ता २६,४००. आईबाबांची पाच लाखांची वेगळी, तिचा हप्ता गेल्या वर्षी ५२,९०० होता, यंदा ५८,००० आला. बाबा ७१, चार वर्षांपूर्वी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात (गोमेकॉ) अँजिओप्लास्टी झाली, एक पैसा लागला नाही. आई ६६, तिला मधुमेह. दोन्ही कुटुंबांकडे गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड आहे. सात वर्षांत आम्ही एकही क्लेम केलेला नाही. मित्र म्हणतो, दोन्ही पॉलिसी सोड, दीनदयाळचे चार लाख खाली धर, वर स्वस्तातला सुपर टॉप-अप घे आणि वाचतील ते महिन्याचे साडेसहा हजार म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाक. करू का? आणि हप्त्यावर आयकरात मिळणारी ८०डी ची सवलत मला नव्या करप्रणालीत मिळते का?"

तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं तुमच्या बाबांबद्दलचं आहे. चौघांची पॉलिसी मात्र सोडू नका.

आधी सुपर टॉप-अपचं, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचंच बिल भरणाऱ्या पॉलिसीचं बघू, कारण हा सल्ला हल्ली फोंड्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. कागदावर तो हुशारीचा दिसतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली आली तेव्हा तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त जणांना चार लाख असं तिचं माप ठरलं. मग लोकांनी गणित मांडलं: पहिले चार लाख सरकारचे, त्यावरचे विमा कंपनीचे.

पण दीनदयाळ म्हणजे चार लाखांची थैली नव्हे. ती उपचारांची ठरलेली यादी आहे. प्रत्येक उपचाराला पॅकेजचा दर आहे आणि तो पॅनलवरच्या, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, इस्पितळातच लागू होतो. कार्डावर ऑपरेशन झालं तर इस्पितळाला पॅकेजचे पैसे मिळतात आणि हिशेब तिथेच मिटतो. चार लाख ओलांडून बिल वर वाहत जावं आणि वरच्या पॉलिसीने ते झेलावं, असा प्रसंग त्यात सहसा येतच नाही. उलट यादीत नसलेला उपचार किंवा पॅनलबाहेरचं इस्पितळ आलं की कार्ड एक रुपयाही देत नाही. आणि तुमच्या सुपर टॉप-अपची अट असणार, पहिले चार लाख सोडून. समजा बिल झालं साडेतीन लाख. दीनदयाळ म्हणेल माझ्या हद्दीत नाही, सुपर टॉप-अप म्हणेल माझ्यापर्यंत पोचलंच नाही. साडेतीन लाख तुमच्या खिशातून. कुटुंबावर बहुतेक वेळा येतं ते याच आकाराचं बिल.

माझ्या मावशीच्या पित्ताशयाच्या वेळी मी दुसरा अनुभव घेतला. इस्पितळाचं नाव घेत नाही. पॅनलवर होतं, ऑपरेशन यादीत होतं, कार्ड चालू होतं. काउंटरवरचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "कार्डावर तीन आठवड्यांनी घेऊ, रोख असेल तर परवा." भांडून उपयोग नव्हता, मावशी कळवळत होती. शेवटी पैसे भरले. कार्ड अजून तिच्या पर्समध्ये आहे, दरवर्षी नूतनीकरण करून.

म्हणून कार्ड टाकाऊ आहे असं नाही. नूतनीकरण चुकवू नका, एवढ्या किरकोळ पैशांत तेवढं दुसरं काहीही मिळत नाही. आणि गोमेकॉ तर आहेच. १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यक शाळेचं हे आजचं रूप आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्याची किंमत सिंधुदुर्गातल्या माणसाला विचारावी लागते. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क सुरू झालं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढी खळबळ उडाली होती! छातीत दुखू लागलं तर हातात वीस लाखांची पॉलिसी असली तरी मी १०८ लाच फोन करीन. 'स्टेमी गोवा' या सरकारी योजनेमुळे हृदयविकाराच्या झटक्याचं पहिलं महागडं इंजेक्शन जवळच्या सरकारी केंद्रात फुकट मिळतं आणि पुढचं बांबोळी बघते. अपघाताचंही तसंच.

मग पॉलिसी कशाला? तुमच्या पत्रात मुलगा बारावीत असल्याचं एका शब्दात येऊन जातं, पण माझ्या मते सगळा निकाल तिथेच आहे. उद्या तो पुण्याला किंवा बेळगावला शिकायला गेला आणि रात्री दुचाकीवरून पडला, तर रिक्षावाला त्याला जवळच्या इस्पितळात नेईल. गोव्याच्या योजनेचं पॅनल त्याला ठाऊक नसणार. दुसरं, पत्नीला उद्या सरकारी शाळेत नोकरी लागली (गोव्यात कोण प्रयत्न करत नाही!) तर दीनदयाळचा विषयच संपतो, सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ती योजना नाही. त्यांची वैद्यकीय खर्चाची सोय वेगळी असते.

आणि सात वर्षं. क्लेम केला नाही म्हणून ती वाया गेली असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात त्यांनीच तुमची पॉलिसी पिकली आहे. नियमाप्रमाणे पाच वर्षं सलग झाली की अमुक आजार लपवलात म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय. आज सोडलीत आणि पन्नाशीत परत घ्यायला गेलात तर हे घड्याळ शून्यावर येईल. तोवर रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल तर त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. साडेसहा हजारांची एसआयपी दहा टक्क्यांनी धरली तरी दोन वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. दहा वर्षांनी ती तेरा लाख होईल, पण आजार दहा वर्षं थांबायला बांधील नाही. तेव्हा २६,४०० भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, हप्त्यात तो लावलेला नाही ना एवढं बघून घ्या.

आता आईबाबा. इथे मात्र मी तुमच्या मित्राच्या बाजूला सरकतो.

तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या प्रतीत वीस टक्के को-पे आहे, म्हणजे मंजूर रकमेचा तेवढा वाटा तुमचा, आणि खोलीचं भाडं दिवसाला पाच हजारांपर्यंतच. ही दुसरी अट लोक वाचत नाहीत. खोली आठ हजारांची घेतलीत तर फक्त तीन हजारांचा फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खोलीशी बांधलेल्या खर्चालाही तीच कात्री लागते. असा खर्च १,६०,००० असेल तर कंपनी १,००,००० धरणार, आणि त्यातूनही वीस टक्के तुमचे.

साठीपुढच्यांचा हप्ता विमा नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हा नियम २०२५ च्या जानेवारीत आला. तुमची वाढ साडेनऊ टक्क्यांच्या पुढे आहे, म्हणजे कंपनी नियमाच्या काठावरून चालली आहे. दरवर्षी दहा टक्के धरा: पाच वर्षांत साडेतीन लाखांहून जास्त भराल.

बाबांना दुसरी वाट आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाख, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. खासगी पॉलिसी असली तरी ते काढता येतं. पॅनलची अडचण तिथेही आहेच. पण बाबांचं हृदय बांबोळीच्या डॉक्टरांना माहीत आहे, फाईल तिथे आहे, आणि ते पुण्याला शिकायला जाणार नाहीत.

आईचं तसं नाही. सत्तरीला तिला चार वर्षं आहेत आणि मधुमेह आहे. तिची पॉलिसी राहू द्या. दोघांच्या एकत्र पॉलिसीचा हप्ता मोठ्या माणसाच्या वयावर बसतो, म्हणून बाबांचं नाव काढून आईची एकटीची केलीत तर तो बराच उतरेल. मात्र तिची झालेली वर्षं कायम धरली जातील, प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होणार नाही, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटचं "होतं हो" चालणार नाही.

आणि हे या वर्षी करू नका. यंदाचे ५८,००० भरून टाका, जिवावर येईल तरी. या वर्षात बाबांचं वय वंदना कार्ड हातात घ्या आणि फोंडा-मडगाव-पणजीतली कुठली इस्पितळं त्यावर हृदयाचे उपचार प्रत्यक्षात करतात हे स्वतः जाऊन विचारा. सोबत आईबाबांच्या नावावर बँकेत दोन लाख बाजूला काढा. एसआयपीत नको, साधी मुदत ठेव, मोडली तरी चालेल अशी. पुढच्या गणेश चवथीपर्यंत हे दोन्ही झालं तर त्यानंतरच्या नूतनीकरणाला बाबांचं नाव काढा. दोन लाख जमले नाहीत तर आणखी एक वर्ष भरा.

८०डी च्या सवलतीचं तुम्ही शेवटी विचारलंय. तुम्ही नव्या करप्रणालीत आहात, तिथे ती मिळत नाही, तेव्हा हिशेबातून काढून टाका. आणि आईच्या पॉलिसीसाठी कंपनीच बदलायची झाली तर अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. पॉलिसीवरची तारीख बघून कॅलेंडरवर आजच खूण करा.