ऑनलाइन डी अँड डीसाठी कोणता व्हर्च्युअल टेबलटॉप घ्यावा?

पाच जणांचा ग्रुप, सगळे वेगवेगळ्या गावी, डीएम (खेळ चालवणारा) तुम्ही स्वतः आणि दोघं पहिल्यांदाच खेळणारे, असं तुम्ही लिहिलंय. मग डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ) यासाठी सगळ्यात भारी व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे मॅप आणि सोंगट्या सगळ्यांना स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम, कोणता, ते सध्या सोडा. ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या लॅपटॉपवर काय चालेल आणि आठवड्याला तयारीला तुम्हाला किती तास मिळतात, एवढं आधी बघा.

मी हे ठेच लागल्यावर शिकलो. पहिल्या मोहिमेसाठी (बऱ्याच सेशनमध्ये चालणाऱ्या कथेसाठी) एका तळघराचा मॅप रात्री जागून सजवला होता. प्रत्येक भिंतीवर रेघ, प्रत्येक मशालीला उजेड, क्लिक केलं की उघडणारी दारं. सेशनला आमच्यात चोराचं पात्र खेळणाऱ्याच्या स्क्रीनवर नुसता काळोख! त्याच्या लॅपटॉपचा पंखा माइकमधून आम्हाला ऐकू येत होता. पाऊण तास "आता दिसतंय का?" "नाही." शेवटी मी मॅपचं साधं चित्र शेअर केलं आणि पठ्ठ्या "मी डावीकडच्या खांबामागे लपतो" असं तोंडी सांगत खेळला. खेळ रंगला. माझ्या मशालींची कुणाला आठवणही झाली नाही, हे जरा लागलं.

म्हणून तुम्हाला सांगेन, आउलबेअर रोडिओपासून सुरुवात करा. ब्राउझरमध्ये चालतो, खेळाडूंना खातं उघडावं लागत नाही, लिंक पाठवली की झालं. मॅप टाका, टोकन (पात्रांच्या सोंगट्या) ठेवा, न पाहिलेल्या खोल्या फॉगने, म्हणजे स्क्रीनवरच्या पडद्याने झाका. कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती आणि आकडे) कागदावर राहू द्या. नवीन माणसाला आपला बोनस कुठून आला ते त्यामुळे कळतं.

शीटवर क्लिक करताच फासे पडून बेरीजही व्हायला हवी असेल तर रोल२० बघा. २०१२ पासून आहे, फुकट खात्यावरही डीएमला खेळ चालवता येतो. फक्त साठवायला जागा मोजकीच मिळते, त्यामुळे मॅप अवजड पीएनजीऐवजी जेपीजी करून चढवा.

फाउंड्री माझा स्वतःचा आवडता, तरी पहिल्याच महिन्यात नको. पैसे एकदाच आणि फक्त डीएमने भरायचे, बाकीचे ब्राउझरमधून येतात. पण सर्व्हर तुमच्या मशीनवर. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडायचा (मुळात ३००००), आणि तुमचं कनेक्शन सीजीनॅटमागे (कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देते ती व्यवस्था) असेल तर तो उघडूनही बाहेरून कुणी आत येत नाही. मग होस्टिंग भाड्याने घेणं आलं. शिवाय मॉड्यूलं, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, नवीन आवृत्तीत बंद पडू शकतात. मोहीम अर्ध्यावर असताना नवीन मोठी आवृत्ती टाकू नका, टाकलीच तर आधी बॅकअप. डी अँड डीऐवजी पाथफाइंडर या तशाच खेळाची दुसरी आवृत्ती खेळणार असाल तर मात्र माझा सल्ला फिरवतो: सरळ फाउंड्रीच घ्या. टोकनला 'घाबरलेला' ही अवस्था लावली की त्याच्या रोलमधून वजाबाकी आपोआप होते. ती हाताने करत बसलात की प्रत्येक लढाईत कुणीतरी विसरतंच.

टेबलटॉप सिम्युलेटर दिसायला झकास, पण प्रत्येकाला आपली प्रत विकत घ्यावी लागते. दोन नवख्यांच्या ग्रुपला ते कशाला?

आवाजासाठी डिस्कॉर्ड वेगळं चालू ठेवा. मॅप अडकला तरी बोलणं थांबत नाही. आणि पहिल्या सेशनच्या आदल्या दिवशी सगळ्यांना दहा मिनिटं बोलवा, प्रत्येकाने आपलं टोकन एक घर हलवायचं आणि एक डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. ज्याचं अडेल त्याच्यासोबत तेव्हाच बसा.