३०० मीटर रायफल शूटिंगसाठी कोणतं बॅलिस्टिक अ‍ॅप घ्यावं? फुकटचं चालेल की पैसे भरावेत?

पुसदच्या भावाने विचारलं आहे की ३०० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून मारणं, सुरू करतोय, सरावाला .३०८ बोअरची रायफल मिळणार आहे, तर गोळी किती खाली येईल आणि वाऱ्याने किती सरकेल ते सांगणाऱ्या स्ट्रेलॉक, अप्लाइड बॅलिस्टिक्स आणि हॉर्नाडी यांपैकी कोणतं अ‍ॅप घेऊ.

३०० मीटरला कोणतंच लागत नाही. एकच अंतर, ठरलेलं टार्गेट, डायॉप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची), आणि मॅचआधी सायटिंगच्या, म्हणजे नेम बसवायच्या गोळ्या मिळतात. साइटची उंची तिथेच बसते. ती एकदा बसली की अ‍ॅपने सांगावं असं काही उरत नाही. उरतो वारा, आणि वारा अ‍ॅपला कळत नाही.

हे मी ठासून सांगतो कारण आमच्या घरात हा वाद फार वर्षं चालू आहे. मी पायदळातला, नोकरीचा मोठा काळ पोरांना रायफल शिकवण्यात गेला. आमचे भाऊजी तोफखान्यातले, देवळालीला शिकलेले. दोघंही आता गावाकडे शेती करतो. पोळ्याला एकत्र जमलो की बैलांचं कौतुक उरकतं आणि भाऊजी मोबाइल काढतात. गणित पक्कं असेल तर गोळी कुठे जाणार ते आधीच सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, गणितात भरायचे आकडे आणणार कोण?

भाचा राज्य स्पर्धेच्या तयारीला लागला होता तेव्हाची गोष्ट. होळी नुकतीच झालेली. सकाळी गारवा होता तोवर पोरगं छान मारत होतं. अकराच्या सुमारास जमीन तापली आणि वारा उठला. भाऊजींनी पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये सगळं भरलं होतं: डब्यावर छापलेला गोळीचा वेग, तापमान, हवेचा दाब, आणि मोबाइलमधल्या हवामानावरून वारा, वायव्येकडून ताशी ८ किलोमीटर. रेंजचं तोंड उत्तरेला. अ‍ॅपने साइट किती क्लिक (खाचा) फिरवायची ते सांगितलं, भाच्याने फिरवली. गोळ्या उजवीकडे आठ गुणांच्या वर्तुळात जाऊन बसायला लागल्या. मध्येच एखादी डावीकडे नवात.

भाऊजी म्हणाले, "वेग चुकला असंल, सेकंदाला दहा मीटर कमी करून पाह्यतो." मी म्हटलं, "भाऊजी, वेग चुकला तर गोळी वर-खाली जाते. आडवी काऊन जाईन?"

मग मी भाच्याच्या मागे स्पॉटिंग स्कोप लावला. फोकस टार्गेटवर ठेवला नाही, अलीकडे, अंदाजे निम्म्या अंतरावर आणला. तिथे तापलेल्या हवेच्या झळा दिसतात. त्या डावीकडून उजवीकडे आडव्या, सपाट वाहत होत्या. म्हणजे वारा सरळ पश्चिमेचा आणि फोनमधल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. असा पूर्ण आडवा १५ किलोमीटरचा वारा .३०८ च्या गोळीला ३०० मीटरवर वीतभर ढकलतो. या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ५-५ सेंटिमीटर रुंद. किती गुण गेले ते मोजा. शिवाय हा वारा झुळकांनी येत होता. मध्येच झळा उभ्या राहायच्या, पातेल्यात पाणी उकळावं तशा. तेव्हा वारा पडलेला असतो किंवा फिरायच्या बेतात असतो. डावीकडे नवात गेलेल्या गोळ्या त्या वेळच्या.

मी भाच्याला एवढंच सांगितलं, "झळा आडव्या वाहतील तेव्हाच मार. उभ्या झाल्या की बोट काढ, श्वास घे, थांब. तोच वारा परत येते." त्या वाऱ्यासाठी साइट लावून घेतली आणि पुन्हा हात लावू दिला नाही. पोट्टं थांबायला शिकलं. पुढच्या सिरीजमध्ये सगळ्या गोळ्या दहा-नवात.

परतताना भाऊजी गाडीत म्हणाले, "वारा बराबर भरला असता तर अ‍ॅपनं बराबरच सांगितलं असतं." आजही त्यांचं तेच वाक्य आहे. मला त्याचं उत्तर इथे द्यायचं आहे, कारण पोळ्याला घरात सगळेच बोलत असतात आणि माझं पूर्ण ऐकून घेतलं जात नाही.

तोफखान्यात गणित चालतं ते खरं. पण त्या गणितामागे माणसं असतात. फुगा सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा, तापमान, दाब मोजला जातो. दारूचं तापमान घेतलं जातं. प्रत्येक तोफेचा वेग, नळी किती झिजली, याची नोंद असते. मोजलेले आकडे भरले म्हणून उत्तर खरं येतं. रायफलवाल्यामागे असं कोण आहे? हवामान खात्याचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात, तोही भलत्याच ठिकाणी. तुम्ही पालथे पडलेले, गोळी जाते बांधाच्या उंचीवरून. तिथला वारा रेंजचा झेंडा, धुऱ्यावरचं गवत आणि झळा यांच्याशिवाय कोणी सांगत नाही. फुगा सोडणारा नाही, तर ती नजर तुम्हालाच कमवावी लागते. भाऊजींनी तोफखान्यातून गणित आणलं आणि मोजणारी माणसं तिथेच सोडली, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता अ‍ॅपबद्दल, कारण ६०० मीटरच्या पुढे मारायची संधी मिळाली तर ते लागतंच, आणि तिथे मी स्वतः वापरतो. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे १० अंश आणि मे महिन्यात दुपारी ४५. एवढ्या फरकाने हवेची घनता १० ते १२ टक्के कमी होते. ३०० मीटरला ते फारसं जाणवत नाही, पण ८०० मीटरला तीच गोळी हातभर वर लागू शकते. हे डोक्यात करता येत नाही.

हॉर्नाडीचं फुकट आहे, त्यापासून सुरुवात करा. अप्लाइड बॅलिस्टिक्समध्ये रडारने मोजलेली गोळ्यांची माहिती आहे, ती पैसे वसूल करते, पण लांबच्या अंतरालाच. स्ट्रेलॉकचा नाद सोडा. अमेरिकेच्या निर्बंधांनंतर ते दोन्ही स्टोअरवरून गेलं, आणि कुठून तरी उतरवलेली फाइल मोबाइलमध्ये टाकू नका. कोणतंही घ्या, ते नेटवर्कशिवाय चाललं पाहिजे आणि तुमच्या साइटवर एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) असेल तर उत्तर एमओएतच दिलं पाहिजे.

सगळ्यात जास्त गोंधळ दाबाचा होतो. हवामानाच्या अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. आपण समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीवर, खरा दाब त्याहून सुमारे ३५ हेक्टोपास्कलने कमी. हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडा 'स्टेशन प्रेशर'च्या, म्हणजे जागेवरच्या खऱ्या दाबाच्या, रकान्यात टाकला की हवा आहे त्यापेक्षा जड धरली जाते. गोळीचा वेग डब्यावरून घेऊ नका, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) उसना मिळाला तर स्वतःच्या रायफलीतून मोजा. हवा गोळीला किती अडवते त्याचा आकडा जी१ किंवा जी७ या दोन पद्धतींत देतात; मागे निमुळती होणारी गोळी असेल तर जी७ चा आकडा जी७ निवडूनच भरा. जी१ चा आकडा जी७ म्हणून भरलेला मी पाहिला आहे, अ‍ॅप तक्रार करत नाही, फक्त चुकीचं उत्तर देतं. पृथ्वीच्या फिरण्याचा हिशोब ३०० मीटरला बंदच ठेवा, काही मिलिमीटरचाच प्रश्न आहे. आणि अ‍ॅपच्या यादीत बहुतेक परदेशी गोळ्या असतात. आपल्या आयुध निर्माणीची सापडली नाही तर जवळची निवडा आणि प्रत्यक्ष लागलेल्या गोळ्यांवरून आकडा दुरुस्त करा.

अ‍ॅपचे पैसे वाचवून जुना का होईना, चांगला स्पॉटिंग स्कोप घ्या. उन्हाळ्यात गोळ्या उन्हात ठेवू नका. दारू तापली की वेग वाढतो आणि सकाळी बसवलेली उंची दुपारी हलते, मग पोरं रायफलीला दोष देतात. एक वही ठेवा: तारीख, वेळ, तापमान, झळा कशा होत्या, गोळी कुठे लागली. भाऊजींना वही जुनाट वाटते, पण तोफखान्यातली प्रत्येक तोफेची नोंद म्हणजे वहीच होती की.

आणि शेतात डुकरं येतात म्हणून कोणी हे वाचत असेल, तर वन विभागाच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी झाडणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी जे लिहिलं ते रेंजसाठी आहे.