ऑर्लॅंडोत एक दिवस तरी छान जेवायचंय

प्रश्न: मे महिन्यात मुलांना घेऊन ऑर्लॅंडोच्या डिस्ने वर्ल्डला चाललोय, सोबत सासूबाई आहेत, त्या शुद्ध शाकाहारी. मोरिमोटो एशियाला एक रात्र जेवायला जावं का?

उत्तर: जा ना, जरूर जा! शेफ मासाहारू मोरिमोटो यांचं हे दोन मजली रेस्टॉरंट २०१५ पासून डिस्ने स्प्रिंग्जमध्ये, म्हणजे डिस्नेच्याच दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागात आहे, आणि तिथे पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून ज्या दिवशी पार्क नाही ना तोच दिवस ठेवा, दिवसभर रांगेत उभं राहून थकलेली मुलं घेऊन एवढ्या महागड्या ठिकाणी बसण्यात मजा नाही. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच करून टाका. पेकिंग डक, म्हणजे भाजलेलं बदक मागवा, पातळ पोळीत गुंडाळून खायचं, मुलांना फार आवडेल. सासूबाईंसाठी मात्र नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागणार नाही हं, जपानी दाशीत, म्हणजे सूप-रश्शाच्या मूळ पाण्यात बहुतेकदा मासा असतो, भाज्यांवर ऑयस्टर (कालवांचा) सॉस पडतो, म्हणून बुकिंगमध्येच लिहा आणि टेबलावर परत विचारा. टिप साधारण १८-२० टक्के धरा, पण आधी बिल नीट बघा, कधीकधी लावलेलीच असते.