पाळी लांबली म्हणजे नेमकं काय लांबलं?

प्रश्न : डॉक्टर, मी 26 वर्षांची आहे, लग्नाला दीड वर्ष झालं. माझी पाळी आधी अगदी घड्याळासारखी, 29-30 दिवसांनी यायची. या वर्षीच्या तारखा लिहिते : 4 जानेवारी, 3 फेब्रुवारी, 13 मार्च, 27 एप्रिल. आज 18 जून आहे, अजून आलेली नाही. एप्रिलच्या पाळीनंतर 36व्या दिवशी घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली, एकच रेघ आली. मे महिन्यात सोनोग्राफी केली त्यात पीसीओडी, म्हणजे बीजकोशात बारीक गाठी, असं लिहिलंय. वजन कमी केलं की बरं होतं असं सगळे म्हणतात म्हणून मी रात्रीचं जेवण बंद केलंय, रोज दोन तास व्यायाम करते. जानेवारीपासून 7 किलो उतरलं, आता 44 आहे. तरी पाळी उलट जास्तच लांबतेय. पाळी यायच्या गोळ्या घेऊ का?

उत्तर : आधी एक सांगते, तू तारखा लिहून ठेवल्यास हे फार चांगलं केलंस. निम्म्या जणी माझ्यासमोर बसल्यावर मोबाईलमध्ये जुने फोटो बघत तारीख आठवायचा प्रयत्न करतात. तुझ्या तारखांवरून अंतर निघतं 30, मग 38, मग 45 आणि आज 52 दिवस होऊन गेलेत. मोठ्या बायकांमध्ये 21 ते 35 दिवसांचं अंतर नॉर्मल धरतात आणि दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर कुणी घाबरायचं काही कारण नाही, पण तुझं अंतर दर वेळी वाढतच गेलंय, त्यामुळे याकडे बघायलाच हवं.

आता हे नीट समजून घे. पाळी येते ती स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारण 14 दिवसांनी, आणि हे शेवटचे 14 दिवस फारसे बदलत नाहीत. बदलतो तो त्याआधीचा भाग, म्हणजे बीज तयार व्हायला लागणारा वेळ. 30 दिवसांच्या वेळी तुझं बीज 16व्या दिवसाच्या आसपास सुटलं असेल, 45 दिवसांच्या वेळी 31व्याच्या आसपास. म्हणजे लांबलं ते बीज, पाळी फक्त त्याच्या मागून आली.

यातूनच तुझ्या टेस्टचाही प्रश्न येतो. 36व्या दिवशी एक रेघ आली म्हणून तू निश्चिंत झालीस, पण या वेळी बीज 31व्या किंवा अगदी 35व्या दिवशी सुटलं असेल तर त्या दिवशी टेस्टमध्ये काही दिसणं शक्यच नव्हतं, कारण गर्भ रुजायलाच बीज सुटल्यापासून 6 ते 12 दिवस लागतात आणि टेस्ट ज्या हार्मोनवर चालते ते त्यानंतर वाढतं. म्हणून आज पुन्हा टेस्ट कर, सकाळच्या पहिल्या लघवीवर. शेवटच्या संबंधांना 21 दिवस होऊन गेल्यावरही एकच रेघ आली तर दिवस गेलेले नाहीत असं धरता येतं. मात्र पोटात एका बाजूला खूप दुखलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं तर टेस्टबिस्ट करत बसू नकोस, लगेच हॉस्पिटल गाठ. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि त्यात वेळ घालवून चालत नाही.

आता पीसीओडी. सोनोग्राफीत जे बारीक बारीक ठिपके दिसतात त्या खरं तर गाठी नसतातच, पूर्ण न वाढलेल्या बीजाच्या पिशव्या असतात, आणि तुझ्या वयात निरोगी मुलींनाही त्या बऱ्याचदा दिसतात. निदान करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात : पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण म्हणजे हनुवटीवर दाट केस वगैरे किंवा रक्तात ते वाढलेलं असणं, आणि सोनोग्राफीतलं हे चित्र. शिवाय थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) तपासून ती कारणं आधी बाजूला काढावी लागतात. कागदावर बघितलं तर तुझ्यात दोन बसतात असं वाटेल, पण थांब. तुझी पाळी जानेवारीपर्यंत नियमित होती आणि बिघडली नेमकी वजन उतरायला लागल्यावर. मला इथे वेगळीच शंका येते. अन्न कमी पडलं आणि व्यायाम वाढला की मेंदू बीजकोशांना जायचे सिग्नलच कमी करतो, कारण शरीराला तेव्हा गर्भ वाढवणं परवडणार नसतं. पीसीओडीत वजन जास्त असेल तर थोडं उतरवल्याने पाळी सुधारते हे खरंच आहे, पण तो सल्ला तुझ्यासाठी नव्हता गं. ज्या उपायाने तुला बरं वाटेल म्हणून तू धडपडतेयस तोच बहुतेक पाळी थांबवतोय, आणि हे असंच चालू राहिलं तर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी पडून हाडंही कमकुवत होतात.

तर रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर, व्यायाम निम्म्यावर आण. टेस्ट निगेटिव्ह आली तरी या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि वजनाची हकीकत स्वतःहून सांग, ती बऱ्याचदा विचारलीच जात नाही. गोळ्यांचं विचारलंस, तर त्यांनी रक्तस्राव होतो, बीज काही सुटत नाही. दर महिन्याला गोळीने पाळी आणत राहिलीस तर मूळ दुखणं झाकलं जाईल. कधीकधी डॉक्टर तपासणीचा भाग म्हणून देतात, ते वेगळं, पण दिवस गेलेले नाहीत याची खात्री झाल्याशिवाय स्वतःच्या मनाने घेऊ नकोस.

प्रश्न : माझ्या मुलीला तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली, आता आठ महिने झाले. कधी 25 दिवसांनी येते, कधी 40. औषध द्यावं का?

उत्तर : नाही, औषध नको. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि बीजकोश यांचा मेळ बसत असतो, तोवर 45 दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. 90 दिवस उलटून गेले, आठवड्याच्या वर रक्तस्राव चालला किंवा दर तासाला पॅड बदलावं लागलं तर दाखवा. आणि तिच्या देखत काळजीने सारखं विचारत राहू नका, वही तिच्याकडेच द्या, तारीख तिलाच लिहू दे.

प्रश्न : वय 47. दोन महिने पाळी आलीच नाही, मग आली ती दहा दिवस, गाठी पडत होत्या. मैत्रिणी म्हणतात या वयात असंच होतं, अंगावर काढ.

उत्तर : अंगावर काढू नका ताई. या वयात पाळी मागेपुढे होते हे बरोबर, बीज दर महिन्याला सुटत नाही, मग गर्भपिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि एकदम भरपूर जातं. पण दहा दिवस गाठींसकट जाणं तपासून घ्यायचंच असतं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, गरज वाटली तर त्याचा छोटा तुकडा तपासायला घेतात, सोबत हिमोग्लोबिनही करून घ्या. सलग 12 महिने पाळी आली नाही तरच ती गेली असं धरतात, तोवर दिवस जाऊ शकतात, म्हणून गर्भनिरोधन थांबवू नका. आणि ती 12 महिने पूर्ण बंद झाल्यानंतर नुसता एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.