परोसना, वाढणे आणि मरुत्ताच्या घरचे वाढपी

प्रश्न थोडक्यात असा: मुलाचं लग्न लखनौच्या घरात ठरलं आहे, व्याही मंडळी पहिल्यांदाच जेवायला येणार आहेत. 'भात वाढू का?' हे हिंदीत 'चावल बढ़ाऊँ क्या?' असं विचारलं तर चालेल का? शिवाय आग्रहाची चार वाक्यं हवी आहेत, आणि होणाऱ्या सुनेला 'लो' म्हणायचं की 'लीजिए', हेही.

नाही चालणार. हे 'बढ़ाऊँ' मराठी घरांतून इतक्यांदा कानावर येतं की आता ऐकवत नाही. वाढणे आणि बढ़ना ही भावंडं दिसतात, म्हणून एकाच्या जागी दुसरं बसवून मोकळं व्हायचं! जेवताना हिंदीत 'बढ़ाना' म्हणजे पुढे करणे, हाती देणे. 'ज़रा नमक बढ़ाइए' म्हणजे मीठ जरा इकडे द्या. तुम्ही 'चावल बढ़ाऊँ?' विचारलंत की विहीणबाई भाताचं भांडं घ्यायला हात पुढे करतील. आणि हे त्यातल्या त्यात बरं. 'दस्तरख़्वान बढ़ाना' म्हणजे जेवणं आटोपल्यावर पंगतीचं कापड उचलणे. 'दुकान बढ़ाना' म्हणजे दुकान बंद करणे, 'दीया बढ़ाना' म्हणजे दिवा मालवणे. प्लॅट्सच्या १८८४च्या उर्दू-हिंदी कोशापासून काशीच्या नागरीप्रचारिणी सभेच्या शब्दसागरापर्यंत कुठेही बघा, बढ़ाना या शब्दाला ही मंगलभाषणाची, म्हणजे अशुभ वाटणारी गोष्ट शुभ शब्दाने सांगण्याची, बाजू आहेच. जुन्या वळणाच्या माणसापुढे ताट वाढायच्या वेळी ताट उचलायची भाषा कशाला?

आता वाक्यं. 'पानं घेऊ का?' याला 'खाना लगा दूँ?' म्हणा आणि पानं घेतल्यावर 'खाना लग गया है, आइए'. 'भात वाढू?' याला नुसतं 'चावल दूँ?' पुरतं. 'थोड़ा चावल और लीजिए' म्हटलं तर जास्त गोड. 'अजून एक पोळी घ्या ना' म्हणजे 'एक रोटी और लीजिए न'. आपल्याकडच्या 'सावकाश होऊ द्या'चं शब्दशः भाषांतर करू नका, 'आराम से खाइए' म्हणा. 'संकोच करू नका' जसंच्या तसं चालतं: 'संकोच मत कीजिए'. तुमच्यावर आग्रह झाला तर 'बस, पेट भर गया' म्हणा. 'पुरे'चं 'पूरा हो गया' करू नका, हिंदीत पूरा म्हणजे अख्खा. 'जेवण झालं का?' याला मुंबईत 'खाना हो गया?' म्हणतात, पण लखनौकरांना 'खाना खा लिया आपने?' असंच विचारा. आणि मराठी 'तुम्ही'च्या जागी 'तुम' घालू नका. वडीलधाऱ्यांना 'तुम लो ना' म्हणणारी मराठी माणसं चांगल्या मनाने म्हणतात, पण समोरच्याला एकेरीच्या जवळचं ऐकू येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वाढणे या क्रियेला हिंदीचा खास शब्द आहे 'परोसना'. 'खाना परोस दूँ?' हे शुद्ध, घरगुती, जिव्हाळ्याचं हिंदी. पाककृतींच्या प्रत्येक व्हिडिओत 'गरमागरम सर्व्ह करा' ऐकून कान किटलेल्यांनी तर हा शब्द प्रेमाने तोंडात घोळवावा. परोसना आला संस्कृत परिवेषण, परिवेषयति यांवरून. गुजराती पीरसवुं त्याचाच भाऊ. आपल्याकडे त्याची जागा वाढणे या शब्दाने घेतली, म्हणून आपल्याला परोसना परका वाटतो.

आणि तरीही या शब्दाचा पूर्वज दर गणपतीत आपण टाळ्या थांबवून, हातात फुलं धरून मोठ्यांदा म्हणतो. घालीन लोटांगण झालं की मंत्रपुष्पांजली. तिची शेवटची ओळ आठवा: 'तदप्येष श्लोकोऽभिगीतो मरुतः परिवेष्टारो मरुत्तस्यावसन् गृहे। आविक्षितस्य कामप्रेर्विश्वेदेवाः सभासद इति॥' यातला 'परिवेष्टारः' हा 'परिवेष्टृ' शब्दाचा अनेकवचनी कर्ता. परिवेष्टृ म्हणजे परोसणारा, आपल्या भाषेत वाढपी! मरुत्त राजाच्या घरी मरुत् देव वाढपी होऊन राहिले आणि विश्वेदेव त्याचे सभासद होते, इतका साधा आणि भव्य अर्थ आहे. इंद्राचे सोबती, वादळाचे देव, आणि एका माणसाच्या यज्ञात पंगतीला वाढताहेत. राजाचं यापेक्षा मोठं कौतुक कोणी काय करील?

ओळ ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाच्या ब्राह्मणग्रंथातली आहे, आठव्या पंचिकेतली (म्हणजे आठव्या भागातली), राजाला इंद्रासारखा अभिषेक करायच्या ऐंद्र महाभिषेकाच्या प्रकरणातली. आंगिरस संवर्ताने अविक्षिताच्या मुलाला, म्हणजे मरुत्ताला, हा अभिषेक केला, त्याने पृथ्वी जिंकली, अश्वमेध केला, असं सांगून पुढे हा श्लोक दिला आहे. महाभारतातही मरुत्ताचा यज्ञ गाजलेला आहे. त्या यज्ञात हिमालयात उरलेलं सोनं आणूनच युधिष्ठिर आपला अश्वमेध करतो. म्हणजे मरुत्त हे नाव अन्नाशी आणि धनाशी जोडलेलं. अशा घरी वाढप्यांची वाण पडू नये, हे ओघानेच आलं.

पण आपल्याकडच्या आरतीसंग्रहांत आणि सणासुदीला फिरणाऱ्या 'मंत्रपुष्पांजलीचा अर्थ' छापाच्या मजकुरांत काय सापडतं? 'मरुद्गणांनी परिवेष्टित केलेलं हे राज्य आम्हाला लाभो.' हा अर्थ चुकीचा आहे. श्लोकात राज्य हा शब्द नाही, 'आम्हाला लाभो' तर मुळीच नाही. 'गृहे' म्हणजे घरी, 'अवसन्' म्हणजे राहिले. हे दोन शब्द गिळून टाकल्याशिवाय परिवेष्टित राज्य निघत नाही. परिवेष्टित म्हणजे वेढलेला, तो आला 'वेष्ट्' धातूवरून. परिवेष्टृ आला 'विष्' धातूवरून. आणि इथे व्याकरण पळवाटच ठेवत नाही. वेष्ट् हा सेट् धातू, म्हणजे प्रत्ययाआधी त्याला 'इ' लागतो. त्याचा कर्ता होईल 'परिवेष्टिता', अनेकवचनात 'परिवेष्टितारः'. विष् अनिट्, म्हणजे 'इ' न लागणारा, त्याचा कर्ता 'परिवेष्टा', 'परिवेष्टारः'. मंत्रात काय आहे ते तुम्हीच म्हणून बघा. सभासदांनी वेढलेला राजा डोळ्यांपुढे आणायला बरा वाटतो, म्हणून वाढप्यांना घराबाहेर काढायचं का? शब्दकोश उघडण्याचे कष्ट घेतले असते तर मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशाच्या १८९९च्या आवृत्तीतसुद्धा अन्न वाढणारा हा अर्थ समोर होता.

परिवेष या शब्दाचं आणखी एक सुख आहे. सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं, त्यालाही संस्कृतात परिवेष म्हणतात. अमरकोशाने तो परिधीच्या जोडीला दिला आहे. माझं मत असं की दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'परि', सभोवार, हाच भाव आहे. पंगतीत पान जागचं हलत नाही, हलतो तो वाढपी. तो सगळ्यांभोवती फिरून पंगत पुरी करतो. अन्न घेऊन सभोवार फिरणं ते परिवेषण, आणि चंद्राभोवती फिरून आल्यासारखं दिसणारं ते परिवेष. काही विद्वान विष् धातूचा 'काम करणे, सेवा करणे' हा वैदिक अर्थ पुढे करून वाढण्याचा अर्थ थेट सेवेतून काढतात. काढोत. सेवा म्हटली तरी 'परि' तिथे कशासाठी बसला आहे, हे त्यातून सुटत नाही.

मग आपलं 'वाढणे' कुठलं? नेहमीचं उत्तर तयार असतं: अन्न वाढावं, कमी पडू नये, म्हणून शुभ शब्द वापरला, जसं नारळ 'फोडला' न म्हणता 'वाढवला' म्हणतात, बांगडी 'फुटली' न म्हणता 'वाढवली' म्हणतात. बांगडीचं मला मान्य आहे. फुटणं अशुभ, म्हणून ते झाकायला शब्द हवा. पण पानावर भात घालण्यात अशुभ काय आहे, की त्याला आडपडदा हवा? धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, चुरादी नावाच्या गणात एक वेगळा धातू पडून आहे, 'वर्ध छेदनपूरणयोः'. वर्ध म्हणजे कापणे आणि भरणे. मनुस्मृतीत 'नाभिवर्धन' आहे, म्हणजे बाळाची नाळ कापणे. लाकूड कापणारा तो वर्धकि, त्याचाच हिंदीत बढ़ई झाला. मोठं होणे या अर्थाच्या वृध् धातूचं प्रयोजक रूप 'वर्धयति' आणि या वर्धचं रूपही 'वर्धयति', त्यामुळे पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले. माझ्या मते पान वाढणं हे या धातूच्या 'पूरण' अर्थातून आलं, म्हणजे पान भरणं, आणि नारळ वाढवणं 'छेदन' अर्थातून. शुभाशुभाचा विचार त्यावर नंतर चढला. वाढणेचा वृध् मान्य करणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं की भात पानात पडल्याने नेमकं काय मोठं होतं.

राहिली सूनबाई. तिलाही 'आप' आणि 'लीजिए'. लखनौकडच्या अनेक घरांत लहान मुलांनासुद्धा 'आप' म्हणतात, त्यामुळे 'तुम लो' तिला सासूच्या तोंडून तुटक वाटेल. तिने स्वतःहून 'मम्मी, मुझे तुम कहिए' म्हटलं, तर मग खुशाल 'लो बेटा, एक और लो'.