माडावरचा भुंगा आणि गायरीतली अळी

प्रश्न : आमच्या माडांची नवीन झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. परवा गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, उकरली तर खाली अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. शेजारी म्हणतात हुमणी, मुलगा म्हणतो सोंड्या भुंग्याची पिल्लं. नक्की काय? — एक वाचक, गुहागर

उत्तर : बहुतेक दोन्ही नाही, ही गेंड्या भुंग्याची अळी. म्हणजे वर माड कापणारा काळा शिंगवाला आणि खाली शेण खात लोळणारी ही जाडी बया एकच, फक्त वय वेगळं. खात्री करायची तर एक अळी करवंटीत घ्या आणि नीट बघा. तपकिरी डोकं, त्याच्या मागे पायांच्या तीन जोड्या, अंग वळलेलं, आणि दोन्ही बाजूंना ओळीने तपकिरी ठिपके दिसतील, ती तिची श्वासाची भोकं, किड्यांना नाक नसतंच. सोंड्याच्या अळीला पायच नसतात आणि ती गायरीत नाही, माडाच्या खोडात राहते. हुमणी गेंड्याच्याच कुळातली, दिसते पण तशीच, पण ती लहान आणि शेतात जिवंत मुळं कुरतडते.

अंडं 8 ते 12 दिवसांत फुटतं, मग अळी दोनदा कात टाकून तीन-चार महिने नुसती खाते, मग साधारण तीन आठवडे कोष, आणि त्यातून भुंगा. त्याचे पुढचे पंख म्हणजे कडक झाकण, उडायचे पातळ पंख खाली घडी करून ठेवलेले. तो मिटलेल्या कोंबात शिरून रस पितो, म्हणून पान उघडल्यावर दोन्हीकडे त्रिकोणी काप दिसतात. खरी भीती पुढची आहे, याच जखमांत सोंड्या अंडी घालतो आणि मग माड जातो तो जातोच.

औषध माडावर शोधण्याआधी गायरी बघा. खत उलथंपालथं करा, कोंबड्या सोडा, फडशा पाडतात. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते, ती खतात मिसळा. वर भोक दिसलं तर तारेच्या हुकाने भुंगा ओढून काढा, बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू भरा. नडलंच तर रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा.

प्रश्न : पहिल्या पावसात दिव्यावर पंखवाले किडे येतात, सकाळी पंखांचा खच. या मुंग्याच ना? — एक वाचक, मालवण

उत्तर : नाही हो, वाळवी. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे, वाळवीला कंबर नाही आणि चारही पंख सारखे. शिवाय मुंगी भुंग्यासारखी कोषातून येते, वाळवीत कोष भानगडच नाही, पिल्लू पहिल्यापासून आईबापासारखंच दिसतं. तिला आता झुरळांच्या गणात धरतात. पंख झडले की जोडी बीळ शोधायला निघते, तेव्हा संध्याकाळी अर्धा तास पडवीतला दिवा बंद ठेवा.